मापाड्याची पट्टी

कोपरखैरणे, सेक्टर पाच, बुधवार.
ज्ञानोबा पार्टे, वय चौपन्न,
मसाला मार्केटात मापाडी.
त्याने पिशवीतून फाइल काढली,
फाइलीतून दुर्बिणीचा रिपोर्ट,
रिपोर्टातून काहीच निघालं नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतोय का, मॅडम?"

नाही हो.
आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बघा,
नवी, आरसा लावलेली,
मेकॅनिकला काही सापडत नाही
आणि तिसऱ्या मजल्यावर अडते.

तो हसला. हसताना ढेकर आली, तिला लाजला.
"माझंही तिसऱ्यालाच अडतं. तिसऱ्या घासाला.
चौथा म्हणजे भरल्या टेम्पोवर आणखी एक गोण."

मी लिहिलं: जेवण झाल्याबरोबर एक गोळी.
डायस्टेज, पेप्सिन.
नववीच्या पुस्तकात यांना विकर म्हणायचे,
त्याला म्हटलं, उसना पाचकरस समजा.
"आणि फेडायचा कधी?"

माझी खात्री रुपयात दहा आणे.
तेवढ्यावरच फॅमिली डॉक्टर दुकान चालवतो.

तीन आठवड्यांनी आला
तो बाजाराची जुनी पट्टी घेऊन,
पाठकोऱ्या बाजूला रोजचे घास मांडलेले,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
गोणी मोजाव्यात तशा.
सोमवार तीन. मंगळवार चार.
गुरुवारी गोळी विसरलो, तरी चार.
शुक्रवार सात, पुढे बारीक अक्षरात: मिरची नव्हती.
मधले दिवस पाच, सहा, पाच.
शेवटच्या रविवारी रेघाच नाहीत.
नुसता आकडा, तिरका: अकरा.

"रविवारी काय झालं?"

"काही नाही. जावळीहून धाकटा आलेला.
सात वर्षांनी. बांधावरून होतं आमचं.
खोलीवर ताट एकच, मग दोघं त्यातच..."
मग पट्टीकडे बोट करून, चूक कबूल करावी तसं,
"ते अंदाजाने लिहिलंय, मॅडम.
मोजायचं राहून गेलं."

तीस वर्षं काट्यावर नजर ठेवलेला माणूस.

मी लिहिलं: गोळी चालू, पंधरा दिवस.
आणखी काही लिहायला
त्या कागदावर रकाना नव्हता.
बाहेर कुणीतरी खोकलं. पुढचा नंबर.

रात्री पावणेअकराला
औषधांच्या कपाटाशी उभ्यानेच डबा उघडला.
भेंडी गार, पोळीला वाफेचं पाणी सुटलेलं.
तिसऱ्या घासाला कळलं,
मी मोजतेय.