अंगठा येत नाही

रात्री साडेनऊनंतर माझं दुकान उघडतं,
माणसं कामावरून परतल्यावर.
दुकान म्हणजे ही सॅक : लॅपटॉप, वेबकॅम,
काडेपेटीएवढं अंगठ्याचं यंत्र
आणि ते पुसायला जुन्या ओढणीचा तुकडा.
मी भाडेकरार करते. घरपोच.
वाकड, माण, मारुंजी, पुनावळे,
जिथं कागदावर अजून सर्व्हे नंबर लागतो
आणि रिक्षावाला म्हणतो, टॉवरचं नाव सांगा.

आज हौसाबाई साखरे.
तीन मजले, चोवीस वन-आरके, सगळ्या तिच्या नावावर.
समोर सुब्रत बेहेरा, बालासोरचा, टाइल्स बसवतो.
अकराच महिने का, तो विचारतो.
खरं उत्तर मलाही माहीत नाही.
म्हणते, बाळाला नऊ लागतात,
भाड्याला अकरा.
तो हसत नाही. बरोबर आहे.

मार्चमध्ये ह्याच खोलीचे नऊ हजार होते.
मग पलीकडच्या पार्कात कुठली तरी कंपनी येणार असं कळलं.
कंपनीचा बोर्ड अजून लागायचाय.
भाडं लागलं. तेरा.
आणि मागच्या साली एकीनं तीनशे माणसं काढली
तेव्हा माणसं गेली,
भाडं कुठंच गेलं नाही.
सुब्रत तेराला सहानं भागतो,
कारण खोलीत सहाजण निजणार आहेत.
करारात नाव एकाचंच.
हौसाबाईंना ठाऊक आहे, मलाही.
पाण्याच्या टँकरलाही असावं.

ठेवा अंगठा, आजी.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
ओढणीनं पुसला. व्हॅसलीन लावलं.
फुंकर घातली. पुन्हा.
डावा. पुन्हा.
अंगठा येत नाही.
चाळीस वर्षं भाताचे आवे उपटले, ती म्हणते,
इथं जिना आहे ना, इथं आंबेमोहोर व्हायचा,
शिजला की रस्त्यावरून जाणारा थांबायचा.
बोटाच्या रेघा त्या चिखलात गेल्या असतील,
आता बांधकामाखाली आहेत, कुठून काढू?

सुब्रतचाही येत नाही.
सिमेंटनं खाल्लाय.
बाविसाव्या मजल्यावर बसवतो तो फरशी,
नऊ हजार रुपये चौरस फूट,
त्याच्या दोन पावलांखाली
त्याच्या गावचं घर उभं राहील एवढी.

ओटीपीनं करू, मी म्हटलं.
आजींचा ओटीपी जातो मुलाच्या फोनवर,
मुलगा बाणेरला, फोन उचलत नाही.
आम्ही तिघं बसलो.
तिनं चहा टाकला, गवती चहा घालून.
विचारलं, तू कुठली गं?
परंड्याची.
आणि राहतेस?
रावेतला. भाड्यानं.
तुझा करार कोण करतं?
मी चहाला फुंकर घातली.
माझा करार जूनमध्ये संपलाय.
मालक चार हजार वाढवून मागतोय,
मी रोज दुसऱ्यांचे छापते.

शेवटी करंगळी लावून पाहिली.
टुण्ण. आली.
उभ्या जन्मात जिनं काही उपटलं नव्हतं,
एवढीच काय ती शिल्लक.
हौसाबाई करंगळीकडे बघत राहिल्या,
जशी पहिल्यांदाच भेटली.
सुब्रतला स्वतःच्या फोनवर ओटीपी आला,
आठ वाचताना तो ओडियात अडखळला.

निघताना त्या मागून म्हणाल्या,
सतरा नंबर रिकामी होतेय दिवाळीनंतर.
लोकांना तेरा. तुला साडेबारा.
किती महिने, आजी?
अकरा, त्या म्हणाल्या, आणि
जिन्याचा दिवा बंद केला.

मी अंधारातच यंत्र पुसलं.
त्यावर दोघांचा घाम होता,
एकमेकांपासून वेगळा न करता येणारा,
आणि थोडं व्हॅसलीन.