दुभाषी क्रमांक चार-एक-सात

वॉल्सॉलमध्ये, स्वयंपाकघरात,
कणीक मळून ताटलीखाली झाकते,
कानाला हेडफोन लावते
आणि स्वतःचं नाव काढून ठेवते, बांगड्यांसारखं.
'दुभाषी क्रमांक चार-एक-सात. मराठी.'

नियम पहिला : पेशंटचं बोलणं 'मी' म्हणूनच बोलायचं.
त्यामुळे आज सकाळपासून
मला सातवा महिना लागलाय,
माझ्या डाव्या गुडघ्यात पाणी झालंय,
आणि कॉव्हेंट्रीत एका नर्सला मी ते सांगितलंय
जे सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं.
नवरा बाहेर बसला होता.
हल्ली इथे नवऱ्याला आधीच बाहेर बसवतात,
बाईला तोंडाने म्हणावं लागत नाही.

दोन वाजता स्विंडन.
सोनूताई फडतरे, वय एकोणऐंशी. सोबत मुलगा शिरीष.
डॉक्टर ओफोरी, आवाज ताज्या ताकासारखा.

'पोटात कालवतं,' सोनूताई म्हणतात.
मी म्हणते, माझ्या पोटात ढवळतं.
या भांड्यातून त्या भांड्यात ओतताना
थोडं सांडतंच.

'दहापैकी किती दुखतं?'
'दहापैकी? परीक्षा आहे का, बाई?
दुखतं म्हणजे दुखतं. भाकऱ्या काही थांबत नाहीत.'

इथे पूर्वी कुणीही चार लिहून मोकळं झालं असतं.
डॉक्टर ओफोरी विचारतात,
'भाकऱ्या करताना मध्ये किती वेळा खाली बसता?'
'तीनदा.'
'आणि दिवाळीत?'
'दिवाळीत कुठली बसतेय!'
पलीकडे कळफलक वाजतो.
कुठल्यातरी सरकारी रकान्यात
भाकरी टाइप होते.

मग शिरीष, हळू, मराठीत :
'मॅडम, तेवढा एक शब्द आईला सांगू नका.
गाठ आहे म्हणा. साधी.'

नियम दुसरा : खोलीत बोललेलं सगळं सगळ्यांचं.
मी त्याचं कुजबुजणं इंग्रजीत मोठ्याने बोलते.
'मी' म्हणूनच. माझ्याच आईबद्दल.

कुणी बोलत नाही.
मग शिरीष, आता थेट इंग्रजीत :
याच इस्पितळात, अकराव्या वर्षी,
तो वडिलांचा दुभाषी होता.
शाळेचा टाय गळ्यात, पाय जमिनीला टेकत नव्हते.
डॉक्टरने जे सांगितलं
त्याचं त्याने 'अल्सर' केलं.
वडील अल्सरनेच गेले,
अजूनही, घरात.

हेही मला मराठीत आणायचं आहे.
आणते.

डॉक्टर ओफोरी दटावत नाहीत,
नियमावर बोटही ठेवत नाहीत.
विचारतात, 'सोनूताई, तुम्हाला किती ऐकायचंय?
की शिरीषने ऐकावं, तुमच्या वतीने?'

असा प्रश्न मी नऊ वर्षांत
पहिल्यांदा मराठी केला.
क्रियापद दोनदा चुकलं.

'पोराला म्हणावं, बाहेर जा, चहा पी.
त्याच्या वडलांच्या वेळी मला समजलं होतं.
पोर अल्सर म्हणत होतं
आणि डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हता.
समजायला इंग्रजी कशाला लागतं?
एवढ्याशा जिवाला मी कळू दिलं नाही, इतकंच.'

खुर्ची सरकते. दार वाजत नाही.
तो गेला की थांबला, फोनवर दिसत नाही.

'आता बोला,' सोनूताई म्हणाल्या.

डॉक्टर बोलल्या. एकच वाक्य, सावकाश.
मी श्वास घेतला, शब्द जुळवले,
आणि तोंड उघडायच्या आत पलीकडून आलं,
'हं.'

त्या अख्ख्या वाक्यात तेवढाच एक शब्द होता
ज्याला माझी गरज नव्हती.
कॅन्सर दोन्हीकडे कॅन्सरच.

'काय म्हणाल्या?' डॉक्टरांनी विचारलं.
'त्या म्हणाल्या...' मी सुरुवात केली,
आणि लक्षात आलं
की आज पहिल्यांदा माझ्याकडून
'मी' म्हणायचं राहिलं.

एकतीस मिनिटं. पैसे मिनिटावर.
ताटली उचलली तर कणकेवर पापुद्रा आलेला.
पाण्याचा हात लावून पुन्हा मळली.
सहा पोळ्या झाल्या.
मध्ये एकदा बसले,
उगाच, खरं तर काही दुखत नव्हतं.