दारूखान्यातली फळी

तीनशे वीस व्होल्ट खेळतात त्या उघड्या पत्र्यावर
आणि रेवा आता रांगते.
सुलक्षणा एवढंच म्हणाली,
"पेटी केल्याशिवाय हे चालू होणार नाही."
आठ महिने खपून जोडलेला ॲम्प्लिफायर
गेला कपाटावर, जुन्या चादरीखाली.

मग दारूखाना.
तोडलेल्या जहाजांचे दरवाजे, शिड्या, संडासाची भांडी,
आणि ढिगाच्या तळाशी सागाची एक फळी,
खिळ्यांच्या भोकांभोवती काळी वर्तुळं.
"केबिनचा दरवाजा होता," इस्माईलभाई म्हणाले
आणि काट्यावर टाकली.
इथे साग किलोवर मिळतो, कांद्यासारखा.
मागे पांढऱ्या रंगात चार अक्षरं,
लिपी कुठली, त्यांनाही माहीत नाही.

घरात करवत चालवायला जागा नाही.
गच्चीवर, पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये,
सेक्रेटरी पाटणकरांच्या परवानगीने
रविवारी दहा ते एक.
रंधा आधी गाठीत अडला,
मग सुटला, आणि छिलक्यातून वर आलं
मीठ, डिझेल,
अन् काहीतरी गोडसर, वेलदोड्याच्या रिकाम्या डब्यासारखं.

मी सुतार नाही. लॅमिंग्टन रोडचं गिऱ्हाईक.
रेझिस्टरचे पट्टे मला पाठ,
लाकडाची शीर हाताला कळेपर्यंत
दीड फूट वाया गेलं.
कुसू खाचेत बसेना.
टाकीचा बॉल बदलायला आलेले गोविंद मेस्त्री
उभ्या उभ्या म्हणाले,
"पटाशी उलटी धरलीय तुम्ही."

ट्रान्सफॉर्मर मोजला होता,
स्क्रूंची डोकी मोजली नव्हती.
चार मिलीमीटर.
चार मिलीमीटरपायी अख्खा एक रविवार.
वर पितळी जाळी,
भोकं चहाच्या गाळणीपेक्षा जरा मोठी,
कारण व्हॉल्व्हला वारा हवा
आणि बोटाला वाट नको.

अक्षरं मी घासली नाहीत.
ती बाजू आत घेतली.
व्हॉल्व्ह पेटले की त्यांच्यावर उजेड पडतो.
पडत असणार. जाळीतून दिसत नाही.

काल रात्री लावला.
आधी काहीच नाही,
मग काचेत नारिंगी धागा,
मग विसाव्या सेकंदाला सारंगी.
सुलक्षणा भांडी घासता घासता थांबली,
नळ तसाच वाहता.
रेवाने पेटीच्या कुशीवर हात ठेवला,
काढला, पुन्हा ठेवला,
आणि येणाऱ्या तीन शब्दांतला एक खर्च केला:
"हाऽ."

तेवढं गरम नाही ते.
दुपारी ओढून ठेवलेल्या होडीची फळी
संध्याकाळी असते, तेवढंच.

थोडी गुणगुण आहे अजून, मेन्सची, खालच्या सुरात.
अर्थिंग बघायला हवं.
उद्या. आत्ता पेटी उघडायची नाही.
कपॅसिटर भरलेले असतात,
बटण बंद केलं तरी
कितीतरी वेळ सोडत नाहीत.