तिओने म्हणजे पाहू या

लिंबेच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावर
आमची दीड खोली.
खाली मशीन शिवत असतं,
वर आम्ही तिघं उसवत बसतो.

पराचा कावळा होतो म्हणतात.
आमच्याकडे कावळा आधी येतो,
चाळीस ग्रुप फिरून दमलेला,
आणि आम्ही त्याचं एकेक पीस उपटत
मागे मागे जातो,
पहिलं कुणाच्या अंगणात पडलं होतं ते बघायला.

मंगळवारी आला तो नुसता आवाज होता.
एक मिनिट अकरा सेकंद.
बाई रडत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली:
'बादलीवाले विहिरीत रोग ओततात.
माझं पोर गेलं. पाणी पिऊ नका.'
खाली कुणीतरी जोडलेला मेलेल्या माशांचा फोटो.

फोटोचं सोपं असतं.
लिंबानीनं तो ताणून मोठा केला,
होडीवर अक्षरं निघाली भलत्याच देशाची,
आणि मासे मरून सहा वर्षं झालेली.
बादलीत होतं क्लोरीन.
डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा चिडून.
दुपारी लाल शिक्का मारला: खोटं.
चिचेवात बोड्झा.
शब्दच असा की थुंकल्यासारखा पडतो.

तोवर तिकडे वायसोनीची सायकल जळून गेली होती.
बादलीवाला तो. वय बावीस.
उसात रात्र काढली त्यानं, एका पायात चप्पल.

शिक्का घेऊन मी निघाले.
मिनिबस, मग सायकलचं कॅरिअर,
मग नामिसुंडू नदी, कमरेइतकी,
कागद डोक्यावर चितेंज्यात गुंडाळून.

एनेलेस काफुवा मका निवडत होती.
'बसा,' म्हणाली, आणि मी आवाज ओळखला.
कागद तिनं बोट ठेवून वाचला,
सगळा, तळटीपेसकट.
'बरं. पाण्यात विष नव्हतं.
मग माझी तिओने कशानं गेली?'

कॉलरा, मी म्हटलं.
सलाईन वेळेवर मिळालं असतं तर.

'असतं तर,' ती म्हणाली,
आणि सुपातला एक खडा बाहेर टाकला.

नऊ दिवस तिच्याजवळ शिव्या द्यायला एक माणूस होता.
तो मी काढून घेतला होता,
पुराव्यानिशी.

मग ती उठली.
'शहानिशा करता ना तुम्ही? चला.'
मी आले होते त्याच वाटेनं नेलं मला.
येताना मी पाणी बघत होते,
पाटी नाही.

पाटीवर निळ्या रंगात:
पूल. काम पूर्ण. खाली रक्कम,
शून्यं इतकी की शेवटची दोन
दुसऱ्या ओळीत गेलेली.
पाटीमागे नदी.
नदीत दोन खांब.

'त्या रात्री पाणी गळ्याच्या वर होतं.
अँब्युलन्स पलीकडे उभी.
तिचा दिवा फिरत होता, आम्हाला दिसत होता,
मी तिओनेला दाखवत होते, तो बघ,
तो बघ.
उजाडेपर्यंत फिरत होता.'

मी फोटो काढले. तारीख, वेळ, अक्षांश.
वायसोनीचं विचारलं.
बराच वेळ ती पायानं वाळू सारत राहिली.
'सायकल कितीला येते?' म्हणाली.

परतताना नदीच्या मध्यावर थांबले.
तिओने, आमच्या भाषेत, म्हणजे पाहू या.
दुसऱ्या खांबावर कावळा बसला होता,
इकडचा, पांढऱ्या छातीचा,
अख्खा,
कुणी पराचा केलेला नव्हे.

वहीत लिहिलं, ओल्या हातानं:
दावा क्रमांक दोनशे सतरा.
दावा करणारा: पाटी.
कुणी पाठवला: एनेलेस काफुवा, अलीकडचा काठ.
निष्कर्षाची जागा मोकळी सोडली.
उद्या मंत्रालयात फोन करायचा.
ते म्हणतील, कळवतो.
परवाही करायचा.