फक्त प्रौढांसाठी, सकाळी साडेनऊ

वेंगुर्ल्याला बंदराच्या वाटेवर पत्र्याची टॉकीज होती,
मी तिथे रिळं गुंडाळायचो.
त्र्याऐंशीच्या मे महिन्यात एस.टी.च्या टपावरून
सहा डबे उतरले: विलायती, विनोदी, फक्त प्रौढांसाठी.

गॅसचं मीटर बघत घरोघर फिरणारा एक पोरगा,
प्रत्येक दाराआड एक बाई,
एवढीच गोष्ट.
दार उघडे, बाई हसे, मग सेन्सॉरची कात्री,
की पोरगा थेट रस्त्यावर, शर्टाची बटणं लावत.

साडेनऊला अख्खं बंदर आत.
ट्रॉलरवरचे खलाशी, कचेरीतले दोन कारकून,
आणि तोंडावर पंचा ओढलेले तिरोडकर मास्तर,
ज्यांना सगळ्यांनी ओळखलं, हाक कुणीच मारली नाही.
मध्यंतराला खवण्याचा पांडगो ओरडला,
"दिसूक काय्येक नाय! अर्धे पैशे परत दिया!"

शनिवारच्या साप्ताहिकात टोपणनावाने परीक्षण आलं:
'या चित्रपटात पाहण्यासारखे काहीही नाही.'
मास्तरांशी गाव पहिल्यांदाच सहमत झालं.

चौथ्या डब्याच्या तळाशी
तिकडच्याच वर्तमानपत्राचा चिटोरा निघाला.
आंतोन कंपाउंडरने चष्मा पुसून अर्थ सांगितला:
स्वस्त, दमलेला,
मोजे घालून आंघोळ करावी तसा.
आम्ही हसलो नाही. मोजे होते कुणाकडे?
पण बरं वाटलं,
तिकडचेही चिडूनच बाहेर पडले होते.

मी तो सोळा वेळा पाहिला, मशीनच्या भोकातून.
पाचव्या रिळात एक जागा होती,
कात्रीलाही तिथे काही सापडलं नव्हतं.
तिसऱ्या घरातली बाई, विनोद संपल्यावर,
स्वयंपाकघरात एकटी, किटलीवर हात शेकते.
कुणीतरी 'कट' म्हणायला विसरला असणार.
अंगात पातळ झगा, दुसऱ्यांना हसू यावं म्हणून शिवलेला,
आणि तोंडातून वाफ.
शेगडीपुरतेही पैसे नसावेत त्यांच्याकडे.

पत्र्याखाली आम्ही घामाने निथळत होतो.
त्या आठ सेकंदांत शीळ वाजली नाही, सोळाही वेळा.
एकदा पुढच्या बाकावरून कुणी हळूच म्हणालं,
"थंडी वाजता रे तिका."

मास्तरांनी हे लिहिलं नाही.
लंडनवाल्यानेही नाही.

शेवटचा खेळ सुटला तेव्हा
पांडगो भिंतीच्या सावलीत एकटाच थांबला होता,
तळहात तोंडासमोर धरून
पुन्हा पुन्हा श्वास सोडत,
दिसतं का काही ते बघत.