नाक आपल्याकडे

रविवारी दवाखाना बंद.
म्हापशाहून अस्नोड्याकडे जाताना
चिऱ्यांची जुनी खाण लागते, तिच्या वरच्या अंगाला सडा.
वाळकं गवत, करवंदीची दोन जाळी,
आणि गाडीच्या डिकीत
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं
हातभर लांबीचं हेलिकॉप्टर.

माझं नव्हे. इनासचं.
इनास तारवटी. नऊ महिने बोटीवर, तीन महिने शेजारी.
सिंगापुराहून त्याने खोकं आणलं
आणि पहिल्याच आठवड्यात बल्कांवातून उडवून
माडाच्या चुडतांत घातलं.
दाढ दुखावी तसा गाल धरून दारात उभा:
दोतोर, तुजेकडेन बारीक हत्यारां आसात.

होती. चिमटे, कानशी, मेण, ॲक्रिलिक.
शेपटीची नळी सरळ केली,
दोन्ही पाती तराजूत घातली,
हलक्या पात्याला नखभर चिकटपट्टी लावली
तशी थरथर गेली.
ती जाताना बोटांना जे कळलं
ते नीट बसलेल्या कॅपसारखं होतं:
पेशंट दात मिटतो
आणि काहीच बोलत नाही.

इनास बोटीवर गेला. खोकं राहिलं.

पहिले दोन महिने, खाली आडव्या काठ्या,
काठ्यांच्या टोकांना टेबल टेनिसचे चार चेंडू,
कोळ्यासारखं ते सड्यावर घसरत राहिलं.
वीतभर वर. धप्प.
वीतभर. धप्प.
उबप सोंपें गे, इनास फोनवर म्हणायचा, रावप कठीण.
खरंच. पुढे पळणारी वस्तू स्वतःला सावरून घेते.
एका जागी ठेवायची तर
दोन्ही अंगठे सारखे चूक निस्तरत असतात,
व्हायच्या आधीच.
हलू नका हं, हलू नका,
बावीस वर्षं मी लोकांना सांगत आले.
काय मागत होते ते आत्ता कळतंय.

मग ते वळवायचं, नाक आपल्याकडे.
इथे भलेभले पडतात.
तोंड करून समोर आलं की
त्याचं डावं ते तुमचं उजवं,
सावरायला जावं तर जास्तच कलंडतं.
इनासला दोन मोसम लागले आणि सतरा पाती.
मला पहिल्याच दिवशी जमलं.
रिमोट हातात, तोंड उघडं, मी नुसती उभी.
मग हसूच आलं.
वरच्या दाढा मी आजवर
इवल्या आरशात बघूनच कोरल्या,
दिसतं उलटं, हात चालतो सुलटा.
त्याला कधी कोणी टाळी वाजवली नव्हती.
इथेही नाही. एक घार आली,
एक फेरी मारली, पसंत नाही पडलं, गेली.

म्हशींमागून शाणू आला.
भितर कोण बसता?
कोणी नाही रे.
पटलं नाही त्याला. सहा मिनिटांची बॅटरी संपेस्तोवर
रंगवलेल्या काळ्या काचेकडे डोळे बारीक करून बघत राहिला.

गेल्या रविवारी समुद्राकडून वारा फिरला
आणि मी चुकले. डावं म्हणून डावं दिलं.
ते काजूत शिरलं, आवाज करत, मग आवाज न करता.
काजूवर हुमल्यांची घरटी.
मी नको म्हणेतो शाणू वर.
उतरला तो अंगभर खाजवत,
एका हाताने हेलिकॉप्टर डोक्यावर धरलेलं,
डोळ्यांत पाणी, आणि एकदम गंभीर:
खरेंच. भितर कोण ना.

सोमवारी टेबलावर कोणाच्या तरी कवळीशेजारी
त्याचा मोडका पाय वाळत होता, गुलाबी ॲक्रिलिकमध्ये,
हिरडीच्याच रंगाचा.
हे कोणाचं हो? केरकरबाईंनी
आ वासल्या वासल्याच विचारलं.
हलू नका, म्हटलं,
आणि आरसा आत घातला.