अर्धा फुगा

फळ्यावर मी दाब लिहिते, आकारमान लिहिते,
मध्ये गुणाकाराची फुली.
ओरुरोच्या शाळेतली सातवीची पोरं उतरवून घेतात,
बोटं थंडीनं खडूइतकी पांढरी.
मागच्या बाकावरून इवेर विचारतो,
बाई, हे लागतं कुठं?

मी त्याला एका लाल फुग्याचं सांगते.

अरिकाच्या बंदरात माझा बाप
मासळीच्या गोदामात बर्फ फोडायचा.
वर्षातून दोनदा वर घरी यायचा,
त्या वर्षी एकदाही नाही.
पैसे आणायला आईच खाली गेली.
ती परत निघाली तेव्हा त्यानं खिशातून फुगा काढला,
माझ्या सातव्या वाढदिवसाचा.
बसच्या दाराशी उभ्या उभ्या फुंकला
आणि अर्ध्यातच गाठ मारली.

लिबलिबीत, म्हाताऱ्याच्या गालासारखा.

आई भडकली,
पोर वर्षभर वाट बघतेय
आणि तुझ्यात एका फुग्यापुरताही दम नाही?
ड्रायव्हर साबिनो हॉर्नवरचा हात काढेना.
बाप एवढंच म्हणाला,
यूलालिया, दम धर.
उरलेला रस्ता फुगवेल.

मग चढ.
समुद्र मागे राहिला, कानांत दडे बसले,
कुणाच्या तरी पिशवीत शाम्पूची बाटली थुंकली,
बिस्किटांचा पुडा कातडं ताणलेल्या ढोलासारखा झाला.
आई कोकाची पानं गालात धरून
रागानं खिडकीबाहेर बघत होती.
पुत्रे गाव आलं तेव्हा
मांडीवर काहीतरी हललं.
चुंगाराच्या तळ्याशी तो टच्च भरला होता,
इतका, की तिनं त्याला बोट लावायचं सोडलं.

कुणी काही भरलं नव्हतं.
बाहेरून रेटणारे हात तेवढे कमी झाले होते.

नाक्यावर शिपायानं विचारलं, यात काय?
नवऱ्याचा श्वास.
कुणासाठी?
वारासाठी.
वारा म्हणजे मी. आमच्या आयमारात वारा म्हणजे तारा.
श्वासावर जकात नाही, तो म्हणाला, आणि दांडा वर केला.

त्या रात्री उणे चौदा.
सकाळी खिडकीत फुगा सुरकुतलेला,
मी भोकाड पसरलं, बाबा गेला, बाबा गेला.
गेला नाही गं, गारठलाय, आई म्हणाली,
आणि तिनं फुगा पोंचोत घेतला,
लामाच्या शेणाची चूल पेटवून शेजारी बसली,
फार जवळ नाही, फार लांब नाही.
हळूहळू तिचं पोट वाढत गेलं,
माझा भाऊ होणार होता तेव्हासारखं.
चुलीवर बटाटे होते.
आमच्या उंचीवर पाणी लवकर उकळतं
आणि बटाटा शिजता शिजत नाही.
उकळलं म्हणजे शिजलं असं नव्हे,
हे ती बऱ्याचदा बटाट्यांबद्दल बोलायची नाही.

पुस्तकातले फुगे गळत नाहीत.
आमचा गळला.
नवव्या दिवशी अक्रोडाएवढा उरला,
मग मनुका, मग नुसतं रबर आणि गाठ.
गाठ मी सोडली नाही.
बाप पुढं दोनदा आला, तिसऱ्यांदा नाही.

वर्ग गप्प.
फळ्यावर दाब, आकारमान, मध्ये फुली,
आणि सगळ्याखाली ती अट, जी कुणीच वाचत नाही,
वायू तेवढाच राहिला तर.

इवेरचा बाप इकिकेला ट्रकवर असतो,
हे मला हजेरीच्या वहीतून माहीत.
तो बराच वेळ पेन चावतो, मग विचारतो,
बाई, पूर्ण फुगवला असता
तर कुठं फुटला असता?

घंटा होते. कुणी उठत नाही.
मी खडू त्याच्या हातात देते.